उघाडीची चौथी फळी

पोकलेनचा पंजा गाळातून वर आला आणि हवेतच थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि कुणालाही हाक न मारता खाडीकडे पाठ करून बसून राहिला.

*

केबिन रोडच्या मागच्या गल्लीत आशाताईंचा गणपतीचा कारखाना आहे. तिथे माळ्यावर गेल्या वर्षीची एक मूर्ती अजून आहे, जुन्या साडीत गुंडाळलेली. ज्या घरासाठी केली त्यांनी ती नेली नाही. दुसऱ्या कुणाला द्यावी, असं आशाताईंच्या मनात आलं नाही.

*

सिल्व्हर पार्कमध्ये तळमजल्यावर मनोरमाने भिंतीला पुन्हा एकदा रंग लावून घेतला. कमरेएवढ्या उंचीवर ओलीचा पट्टा पुन्हा वर आला.

*

पेणकरपाड्यात शेवंती नळावर आली की बायका आपापल्या कळश्या उचलून बाजूला होतात. कुणी वाईट बोलत नाही. कुणी बोलतच नाही. शेवंती कुंकू लावते. ते लावावं की पुसावं हे तिला पुरानंतर कुणीच सांगितलेलं नाही.

*

खाडीच्या बांधाला एक दगडी खिडकी असते. तिला उघाडी म्हणतात. भरती आली की खिडकीच्या खाचेत एकावर एक फळ्या सोडायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, म्हणजे गावातलं पाणी खाडीत निघून जातं. एवढंच काम. पाड्यात ते शेवंतीचा नवरा धर्माजी करायचा.

२

पंजात धर्माजी होता. म्हणजे धर्माजीचं जे काही उरलं होतं ते. खारा गाळ माणसाला पुरता सोडत नाही आणि पुरता ठेवतही नाही. शेवंतीने कमरेचा चांदीचा करदोडा ओळखला, पदराने पुसला आणि पोलिसांच्या हातात परत दिला. ती रडली नाही. सव्वीस जुलैच्या पुराला वर्ष व्हायला आलं होतं. रडायचं ते कधीच संपलं असावं, असं सहायक फौजदार दशरथला वाटलं.

दशरथ मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीत म्हातारा झालेला, निवृत्तीला टेकलेला. पुरानंतर त्याने एवढी प्रेतं उचलली होती की हल्ली गाळाचा वास आला तरी त्याला झोप यायची. हे प्रकरण तर सोपंच होतं. पुरात वाहून गेलेला माणूस, पावसाळ्याआधी गाळ उपसताना सापडला. तसं लिहायचं आणि घरी जायचं.

पण शेवंती चौकीच्या बाकावरून उठेना.

तिच्याकडून आणि इतरांकडून जे कळलं ते असं. पुराच्या दिवशी दुपारी मोठी भरती होती, त्यामुळे उघाडी बंद होती. दिवस कलला, ओहोटी लागली, तेव्हा ती उघडायला हवी होती. सकाळी पाहतात तर गावातलं पाणी तसंच तुंबलेलं, उघाडी बंद आणि धर्माजी गायब. त्या पाण्यात राघोची लेक आरोही गेली. शाळेत नुकतीच जायला लागलेली पोर. तेव्हापासून पाड्याच्या लेखी धर्माजी म्हणजे फळ्या न काढता जीव घेऊन पळालेला माणूस. आरोहीच्या तेराव्याला राघोने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की तो जिवंत आला तर त्याला पाड्यात पाय ठेवू देणार नाही, आणि मेला तर त्याला खांदा मिळणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

आता तो मेलेला आला होता. तीन दिवसांनी हाडं ताब्यात मिळणार होती. खांदा द्यायला शेवंतीकडे एक पुतण्या होता, नाथा.

"चार मान्सं लागतात सायेब," शेवंती म्हणाली. "कुठून आनू? भाड्यानं?"

दशरथने समोरचा कागद बाजूला सरकवला.

"त्यो पलाला न्हाय. यवढं कुनीतरी पाड्यासमोर म्हनू दे. मंग मी कुंकू पुसते."

ती गेल्यावर दशरथ नुसता पाय मोकळे करायला म्हणून मागच्या शेडमध्ये गेला. ताडपत्रीचं टोक उचललं. उजव्या हाताला गाळाचा मोठा लपका होता, तो त्याने बोटांनी निपटून काढला. मनगटाच्या हाडाभोवती नायलॉनच्या दोरीचे वेढे होते, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, गाळातच रुतलेली, डांबर फासलेली एक फळी होती.

उघाडीची फळी. पळून जाणारा माणूस ती हाताला बांधून नेत नाही. धर्माजी ती ओढून काढत होता, ती सुटली, आणि उघाडीतून सुसाटणाऱ्या पाण्याने फळीसकट त्याला खाडीत नेलं. म्हणजे उघाडी उघडली होती.

मग सकाळी ती बंद कशी होती?

३

दुसऱ्या दिवशी दशरथने उघाडीचं तोंड मोकळं करून घेतलं. पुरात ती गळ्यापर्यंत गाळात गेली होती. नंतर पलीकडे पंप बसले, आणि तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.

पोकलेनचा ड्रायव्हर अजून घाबरलेला होता. सगळा नाला उपसून झाला तरी हा कोपरा का राहिला होता, असं दशरथने विचारलं. "मुकादम बोला था, उस कोने को हाथ नहीं लगाने का," ड्रायव्हर म्हणाला. "पत्थर पुराना है, गिर जाएगा." काल मुकादम नात्यातल्या हळदीला गेला, म्हणून याने काम उरकायला पंजा तिकडे वळवला. मुकादम म्हणजे राघोच. पूर्वी मिठागरावर होता, मिठागर बंद पडल्यावर अशी कामं घेतो. दशरथने मान डोलावली. दगड खरोखरच जुना होता.

गाळ हटला तशी उघाडी दिसायला लागली. खाचेत तीन फळ्या नीट बसवलेल्या होत्या, डांबराची बाजू खाडीकडे, जशी ती असायला हवी. बसवणाऱ्याला काम माहीत होतं. चौथी फळी धर्माजीच्या हाताला होती. तर मग वरची फट उघडी दिसायला हवी होती. ती उघडी नव्हती. गावाच्या बाजूने तिच्यावर दुसरंच एक लाकूड येऊन चिकटलं होतं. फळीपेक्षा आखूड, जाड, कडा गोलसर घासलेल्या. मागच्या अंगाला दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. त्याला ना खिळा होता ना दोरी. नुसतं पाण्याने दाबून बसवलेलं, आणि मग गाळाने धरून ठेवलेलं. पहारीने निघालं तेव्हा चूळ भरल्यासारखा आवाज झाला.

ते काय आहे, हे जमलेल्यांपैकी कुणीच सांगितलं नाही. काही जण ते बघून लगेच निघूनही गेले.

पलीकडच्या तीरावर भराव टाकून नवी इमारत उभी राहत होती. तिचा सुपरवायझर नीरज पाड्याचा आवडता संशयित होता. उघाडी उघडली की पाण्याची धार थेट त्याच्या भरावावर बसायची, आणि त्यावरून त्याची धर्माजीशी बाचाबाची झालेली सगळ्यांनी ऐकली होती. नीरजने ते नाकारलं नाही. बाचाबाची रोज व्हायची, म्हणाला, चहाही रोज व्हायचा. पण त्या दिवशी तो मजुरांसोबत स्लॅबवर अडकला होता, खाली उतरायला जागाच नव्हती. वरून त्याने एक गोष्ट मात्र पाहिली होती.

"एक आदमी बांध पे चल रहा था, शाम को. सिर पे लकड़ी का पाटिया. मैं समझा, छाता नहीं है बेचारे के पास."

धर्माजी असेल, दशरथ म्हणाला, फळी घेऊन.

नीरजने थोडा विचार केला. "नहीं साहब. धर्माजी तो बस्ती से आता है ना. ये हायवे की तरफ से आ रहा था."

४

राघोचं घर चाळीच्या टोकाला होतं. भिंतीवर आरोहीचा फोटो, हार ताजा. राघोने खुर्ची पुसून दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्याची बायको चंपा आत तांदूळ निवडत होती. उत्तर न देता ती उठली, चहा टाकला आणि परत निवडायला बसली.

दशरथला अशा घरात काय विचारावं हे कधीच सुचलं नव्हतं. त्याने धर्माजीबद्दल विचारलं. राघो शांतपणे बोलला. वैर नव्हतं, म्हणाला. मिठागरावर दोघे एकत्र होते. एका ताटात जेवलेले.

"पण साहेब, विश्वासाचं काम होतं. फळ्या काढून बांधावर टाकल्या आणि निघून गेला. त्याची बायको कुंकू लावून फिरते, आणि माझ्या चंपाला बघा. मी खांदा देऊ?"

दशरथने मान हलवली. चहा गोड होता. पुरानंतर पाड्यातले लोक साखर जास्त घालायला लागले होते, की त्यालाच तसं वाटत होतं, कोण जाणे. उघाडीवरचं ते लाकूड पाहिलंत का, असं त्याने निघता निघता विचारलं. राघो म्हणाला, पाहिलं नाही, काल हळदीला होतो आणि आज अंग दुखतंय. आतलं तांदूळ निवडणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

नाथा होडीला डांबर लावत होता. आता पाड्याने बोट त्याच्याकडे वळवलं होतं. उघाडीच्या तोंडाशी तो जाळं लावायचा, त्यात कचरा अडकतो म्हणून धर्माजी ते काढून फेकायचा, आणि काका-पुतण्याची तोंडं दिवस दिवस वाकडी असायची. पुरात उघाडी उघडली असती तर जाळं फाटलं असतं, म्हणून यानेच ती लावली, असं लोक म्हणत होते.

नाथा हसला, पण त्यात हसू नव्हतं. "जालं? सायेब, त्या सांजंला माजी होडी चालीत घुसली व्हती. मी मान्सं काढीत व्हतो. ज्यांना काढली ती आज मना बोलतात." त्याने ब्रश डब्यात ठेवला. "येक सांगू? कुनी इचारलं न्हाय म्हनून बोललो न्हाय. भिंतीवरचं पानी उतराया लागलं व्हतं. चांगलं ईतभर. मी म्हनलो, काकानं फल्या काढल्या, सुटलो. आनि मंग ते परत चडलं."

"पावसाने?"

"मना बी तसंच वाटलं." नाथाने बांधाकडे पाहिलं. "आता न्हाय वाटत."

५

"ते घरात आणू नका," दशरथची बायको मनोरमा म्हणाली. दशरथ काही आणणार नव्हता. तो फक्त चहाच्या कपातलं पाणी बोटाला लावून टेबलावर त्या लाकडाचा आकार काढत होता. एवढं लांब, एवढं रुंद, कडा गोल, मागे दोन पट्ट्या.

मनोरमाने वाकून बघितलं. मग स्वयंपाकघरातून बसायचा पाट आणला आणि त्याच्यासमोर उलटा ठेवला.

"असं?"

पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या होत्या. दशरथ आयुष्यभर पाटावर बसून जेवला होता. पाट खालून कसा दिसतो, हे त्याने कधी बघितलं नव्हतं.

"पण ते याच्या दुप्पट आहे," तो म्हणाला.

"मग त्याच्यावर माणूस बसत नसेल," मनोरमा म्हणाली. "गावी तुमचे भाऊ आषाढात काय घेऊन जातात मूर्तीवाल्याकडे? विसरलात?"

तो विसरला नव्हता. विसरायला आधी आठवावं लागतं, आणि या शहरात त्याला वर्षानुवर्षं काही आठवायची गरज पडली नव्हती. गणपती विकत आणायचा नसतो. आपल्या घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा. तो त्या पाटावर मूर्ती घडवतो, आणि चतुर्थीला पाटासकट देव घरी येतो. पाट पिढ्यान्‌पिढ्या तोच.

पेणकरपाड्याचे पाट केबिन रोडला आशाताईंकडे जायचे. आशाताई मातीत हात घालून बसल्या होत्या. त्यांनी हात न धुताच सांगितलं. हो, गेल्या वर्षी पाड्यातले सगळे पाट आले होते. नाथाचाही. पुराच्या आधीच येऊन माळ्यावर पडले होते, म्हणून वाचले. फक्त एक राहिला होता.

"सव्वीस तारखेला दुपारी आणतो म्हणाले होते. नेमका तोच दिवस. मी वाट बघून शेवटी साध्या फळकुटावर मूर्ती केली. म्हटलं, देव तर बसवतील. पण नंतर निरोप आला, घरात पोर गेली, यंदा आणत नाही." त्यांनी मानेनेच माळ्याकडे खूण केली. "ती बघा, अजून आहे."

कुणाची, हे दशरथने विचारायच्या आधीच त्याला कळलं होतं. तरी त्याने विचारलं. सवयीने.

"राघोभाऊंची," आशाताई म्हणाल्या.

६

राघो बांधावर उभा होता. बाजूला उपसलेला गाळ वाळत पडला होता. त्यात चपला, वह्या, एक टिफिन. दशरथने गोणपाटात गुंडाळलेला पाट त्याच्या पायाशी ठेवला आणि स्वतःही खाली बसला.

तो हळूहळू, एकेक करत बोलला. धर्माजीने उघाडी उघडली, त्याच्या हाताची फळी सांगते. उघाडी कुणीतरी परत लावली, नाथाचं उतरून चढलेलं पाणी सांगतं. लावणाऱ्याला फळ्यांची उलटसुलट बाजू माहीत होती, म्हणजे नीरज नाही. पण ओहोटी लागली आहे, हे त्याला माहीत नव्हतं. जे पाड्यात पाण्यात उभे होते त्या सगळ्यांना ते दिसत होतं, म्हणजे नाथा नाही. म्हणजे पाड्यातलाच, पण तेव्हा बाहेरून, हायवेकडून येणारा. डोक्यावर पाट घेतलेला.

"आणि काल तू म्हणालास, फळ्या काढून बांधावर टाकल्या. अख्खा पाडा म्हणतो, धर्माजीने त्या काढल्याच नाहीत. बांधावर पडलेल्या फळ्या एकाच माणसाने बघितल्या असणार."

राघोने गोणपाट उघडलं नाही. त्यावर नुसता हात ठेवला.

"हायवेने केबिन रोडला निघालो होतो. वाटेत गुडघाभर, मग कमरेएवढं. परत फिरलो," तो म्हणाला. "उघाडीवर आलो तर फळ्या बाहेर, माणूस नाही, आणि पाणी नुसतं घोंघावतंय. दोन्हीकडे सारखंच दिसत होतं. जन्म मिठागरावर गेला साहेब. उघडी खिडकी दिसली की आमचा हात बंद करायला जातो. एकदा खारं पाणी नको तेव्हा आत शिरलं की सगळा आगर जातो. मला वाटलं, समुद्र आत येतोय आणि हा सोडून पळाला. तीन फळ्या घातल्या. चौथी सापडेना. मग हा लावला. पाण्याने माझ्या हातातून ओढून घेतला आणि जागेवर बसवला. वाटलं, देवच बसला."

समुद्र आत येत असता तर पाट गावाच्या बाजूला फेकला गेला असता. दशरथने हे म्हटलं नाही. राघोने त्याचा वर्षभर विचार केला असणार.

"कळलं कधी?"

"घरी गेलो. चंपाला सांगितलं, पाडा वाचवून आलोय. मग पाणी चढायला लागलं. परत उघाडीकडे निघालो, तेवढ्यात मागून चंपाची हाक आली. आरोही..."

पलीकडे पोकलेन गाळ उचलत होता. पावसाच्या आत काम पुरं होणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या कायद्यात तुझ्यासाठी काही नाही," दशरथ शेवटी म्हणाला. "मी बुडून मृत्यू असंच लिहिणार आहे."

"मग आलात कशाला?"

"उद्या खांदा द्यायचाय. माणसं कमी आहेत."

*

सकाळी शेवंतीच्या दारात तिरडी बांधून तयार होती. नाथा होता, टोपी काढून दशरथ होता, आणि नीरज आला होता, काय करायचं ते न कळून रुमाल डोक्याला बांधून. पाडा नळापाशी उभा होता, जेवढ्या अंतरावर उभं राहिलं तर आलो असंही होत नाही आणि नाही आलो असंही होत नाही.

राघो पाट उघडा घेऊन आला. चंपा त्याच्या मागून. त्याने पाट तिरडीशेजारी जमिनीवर ठेवला आणि नळाकडे तोंड केलं.

"धर्माजीने फळ्या काढल्या होत्या," तो म्हणाला. आवाज नळापर्यंत पोहोचला नाही, म्हणून त्याने परत म्हटलं. "त्याने काढल्या होत्या. त्या मी परत लावल्या."

नळ कुणीतरी चालूच ठेवला होता. तेवढाच आवाज येत होता.

चंपाने पाटाकडे पाहिलं. तो घरात नाही हे तिला वर्षभर माहीत होतं. कुठे आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. ती नळावर गेली, एक कळशी भरली आणि शेवंतीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. मग बायका एकेक करून पुढे आल्या. मग पुरुष.

राघो तिरडीच्या पुढच्या बांबूला हात घालायला वाकला. शेवंतीने कपाळ पुसलं होतं. ती त्याच्याकडे पाहत होती.

"फुडं न्हाय," ती म्हणाली. "मांगं धर."

त्याने मागे धरलं.

१

सव्वीस जुलैच्या सकाळी पावसाला उघडीप होती. राघोने पाट धुऊन ओट्यावर वाळत ठेवला होता, आणि तो अजून ओलाच असताना आरोही त्यावर बसून चहा-बटर खात होती.